पृथ्वीचा 'दुसरा चंद्र' कामोओआलेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनीची कडी बघून झाली, चंद्रावरची विवरं बघून झाली, की रांगेतून कोणीतरी हमखास विचारतं, "आणि तो दुसरा चंद्र कुठाय?" मोबाइल पुढे येतो. त्यावर फॉरवर्ड : 'पृथ्वीला मिळाला दुसरा चंद्र, २०८३ पर्यंत राहणार मुक्कामी!' सोबतच्या चित्रात समुद्रावर दोन गोल गरगरीत पौर्णिमेचे चंद्र.

दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. फॉरवर्डमधला लघुग्रह वेगळा आहे, त्याच्याबद्दलही खाली येईल. पण या जातीतला सगळ्यात नीट अभ्यासलेला, आणि माझ्या मते सगळ्यात मजेशीर, गडी म्हणजे कामोओआलेवा. तो समजला की बाकीचे आपोआप समजतात.

पृथ्वीला खरंच दुसरा चंद्र आहे का?

नाही. एकच आहे, तोच जुना, चांदोमामा.

मग हा कामोओआलेवा आहे तरी काय?

सूर्याभोवती फिरणारा एक छोटासा लघुग्रह. व्यास नक्की मोजलेला नाही, कारण इतक्या लांबून तो फक्त प्रकाशाचा एक ठिपका दिसतो. ठिपका किती तेजस्वी आहे त्यावरून अंदाज बांधतात, तो ४० ते १०० मीटरच्या दरम्यान येतो. मुंबईतली पंधरा ते तीस मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. पृष्ठभाग काळपट असेल तर मोठी, उजळ असेल तर छोटी.

२७ एप्रिल २०१६ रोजी हवाईमधल्या हालेआकाला या ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला तो सापडला. सूर्यापासूनचं त्याचं सरासरी अंतर आपल्याइतकंच, म्हणजे १५ कोटी किलोमीटरच्या आसपास. एक फेरी पुरी करायला त्याला साधारण ३६६ दिवस लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यातच आहे.

हे नाव कसलं? आणि '२०१६ एचओ३' म्हणतात तो हाच का?

हाच. सापडल्यावर आधी तात्पुरता नंबर मिळतो. २०१६ हे वर्ष. एच म्हणजे एप्रिलचा दुसरा पंधरवडा : जानेवारीचे दोन पंधरवडे ए आणि बी, फेब्रुवारीचे सी आणि डी, असं करत एप्रिलचे जी आणि एच. पुढचं 'ओ३' म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदलेला ८९वा. हिशोब असा : 'आय' हे अक्षर वापरत नाहीत, त्यामुळे 'ओ' चौदावा येतो. पंचवीस अक्षरांची वर्णमाला तीनदा संपली की ७५, अधिक १४. गाडीच्या नंबरप्लेटवरून आरटीओ ओळखतो तसंच, सवय झाली की नंबर बघूनच शोध कधीचा ते कळतं. पुढे कक्षा पक्की झाल्यावर त्याला ४६९२१९ हा कायमचा क्रमांक मिळाला.

कामोओआलेवा हे हवाईच्या स्थानिक भाषेतलं नाव, २०१९ मध्ये ठेवलेलं. अर्थ साधारण 'झुलणारा तुकडा'. तिथल्या एका पारंपरिक सृष्टिस्तोत्रातून ते घेतलंय आणि त्यात आपल्या आपण प्रवासाला निघालेल्या लेकराचा संदर्भ आहे. हे नाव ठेवताना तो चंद्राचा तुकडा असू शकेल ही चर्चा सुरूही झाली नव्हती. 'तुकडा' आणि 'लेकरू' दोन्ही नंतर इतकं चपखल बसेल असं कुणाला वाटलं असेल!

सूर्याभोवती फिरतो, तर मग 'पृथ्वीभोवती फिरतो' असं का म्हणतात?

खरा प्रश्न हाच. आकृती काढून दाखवली तरी लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. त्यामुळे मी देवळात नेतो.

मध्ये गाभारा, भोवती फरसबंद आवार, बाहेर दगडी प्राकार. तुम्ही गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालताय, अंतर कायम, वेग कायम. सोबत भाची आहे. तीही प्रदक्षिणाच घालते, पण तिची वाट एका बाजूला सरकलेली आहे : देवळाच्या पुढच्या अंगाला ती अगदी भिंतीला खेटून, भराभरा चालते, आणि मागच्या अंगाला प्राकाराच्या कडेकडेने, रमतगमत. अट एकच, दोघांची फेरी एकाच वेळी पुरी झाली पाहिजे.

आता देवाला विसरा आणि फक्त भाचीकडे लक्ष द्या. पुढच्या अंगाला ती तुमच्या उजव्या हाताला आहे, गाभारा आणि तुमच्या मध्ये. तिचा वेग जास्त, म्हणून ती हळूहळू पुढे निघते आणि तुमच्यासमोर येते. मग तिची वाट बाहेर वळते, वेग कमी होतो. मागच्या अंगाला तुम्ही तिला गाठता तेव्हा ती तुमच्या डाव्या हाताला असते. ती आणखी रेंगाळते आणि तुमच्या पाठीमागे पडते. मग पुन्हा आत वळून उजवीकडे. उजवीकडे, समोर, डावीकडे, मागे : एका प्रदक्षिणेत भाचीने तुमच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली! तिला विचारा, ती म्हणेल, "मी कुठे? मी तर देवाला प्रदक्षिणा घालत होते."

हे मी एका दुपारी रिकाम्या देवळात खऱ्या भाचीला घेऊन करून बघितलंय. दुसऱ्या फेरीला तिला ते बरोबर जमलं. तिसऱ्या फेरीला पुजाऱ्यांनी विचारलं, "काय हरवलंय का?"

कामोओआलेवाची तऱ्हा हीच. त्याची कक्षा आपल्यापेक्षा जास्त लंबवर्तुळाकार आहे. सूर्याजवळ येतो तेव्हा अंतर साधारण १३.४ कोटी किलोमीटर, लांब जातो तेव्हा १६.५ कोटी. केप्लरचा नियम सांगतो, जवळ असताना वेग जास्त, लांब असताना कमी. त्यामुळे वर्षातले सहा महिने तो आपल्या आतल्या बाजूने पुढे सटकतो आणि सहा महिने बाहेरच्या बाजूने मागे पडतो. पृथ्वीवर बसून बघणाऱ्याला तो वर्षभरात आपल्याभोवती एक फेरी घालताना दिसतो.

भाचीच्या उदाहरणात एक गोष्ट नव्हती. त्याची कक्षा आपल्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ७.८ अंशांनी कललेली आहे. म्हणजे प्रदक्षिणा घालता घालता तो अर्धं वर्ष जरा वर आणि अर्धं वर्ष जरा खाली असतो. भाचीने प्रदक्षिणेच्या वाटेत एक ओटा चढायचा आणि उतरायचा, असं समजा.

(आणि हो, आपण देवळात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, ग्रह मात्र उत्तरेकडून पाहिलं तर उलट फिरतात. हा आक्षेप घेणारे एक काका दर कार्यक्रमात असतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी राहते : भाचीची तुमच्याभोवतीची फेरी आणि तुमची देवाभोवतीची फेरी नेहमी एकमेकींच्या उलट दिशेने पडतात.)

म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा काहीच संबंध नाही?

त्याला 'धरून' ठेवण्याशी नाही. सूर्याच्या ओढीला न जुमानता पृथ्वी एखादी वस्तू आपल्याभोवती फिरवत ठेवू शकते ती साधारण १५ लाख किलोमीटरच्या आत. आपला चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणजे घराच्या अंगणात. कामोओआलेवा अगदी जवळ येतो तेव्हाही चंद्राच्या ३८ पट अंतरावर असतो, म्हणजे जवळपास दीड कोटी किलोमीटर, आणि लांब जातो तेव्हा १०० पट, पावणेचार कोटींच्या वर. अंगण सोडा, तो आपल्या गावच्या शिवेबाहेरून जातो. उद्या पृथ्वी अचानक नाहीशी झाली तरी तो त्याच वाटेने सूर्याभोवती फिरत राहील. आपला चंद्र मात्र गडबडेल.

म्हणूनच त्याला उपग्रह न म्हणता 'क्वासी-सॅटेलाइट' किंवा 'क्वासी-मून' म्हणतात. मराठीत कुणी 'अर्धचंद्र' लिहितं, पण आपल्याकडे अर्धचंद्र देण्याचा अर्थ फार वेगळा असल्याने मी तो शब्द टाळतो.

त्याचं वर्ष ३६६ दिवसांचं आणि आपलं सव्वा दिवस जास्त धरून ३६४ अधिक सव्वा, म्हणजे ३६५.२५ दिवसांचं. दर वर्षी थोडा मागे पडत पडत शेवटी निघून नाही का जाणार?

हा प्रश्न एकदा दहावीतल्या एका मुलाने विचारला आणि मला मनापासून आनंद झाला. कारण बरोबर इथेच पृथ्वी हस्तक्षेप करते.

फरक वर्षाला अर्ध्या-पाऊण दिवसाचा आहे. तो असाच साठत गेला तर काही शतकांत हा गडी सूर्याच्या पलीकडे दिसायला हवा. तसं होत नाही, कारण त्याची सगळी फेरी (म्हणजे आपल्याभोवती दिसणारा तो लांबट वेढा) मागे सरकायला लागली की वेढ्याचं पुढचं टोक पृथ्वीच्या जास्त जवळ येतं. त्या टोकाला असताना पृथ्वी त्याच्या मागे असते आणि त्याला मागे ओढते.

आता इथे डोकं थोडं शांत ठेवा, कारण कक्षांच्या जगात सगळं उफराटं आहे. पुढे जाणाऱ्याला मागे ओढलं की त्याची ऊर्जा कमी होते, तो सूर्याच्या किंचित जवळच्या कक्षेत उतरतो, आणि जवळच्या कक्षेतलं वर्ष छोटं असतं. म्हणजे मागे ओढल्यामुळे तो शेवटी पुढे जायला लागतो! फार पुढे गेला की वेढ्याचं मागचं टोक पृथ्वीजवळ येतं, तिथे त्याला पुढे ओढ बसते, तो बाहेरच्या कक्षेत चढतो, वर्ष लांबतं, आणि स्वारी पुन्हा मागे. ही ओढ अगदी नाममात्र असते. पण दर वर्षी, त्याच जागी, त्याच दिशेने बसते. दोरीवर रोज घासणाऱ्या रहाटासारखी.

त्यामुळे सध्याचे ३६६ दिवस हा काही कायमचा आकडा नव्हे. तो एका संथ झोक्यातला आत्ताचा क्षण आहे. झुलणारा तुकडा, म्हटलं ना.

हा झोका किती वर्षं चालेल?

सध्याची अवस्था सुमारे शंभर वर्षांपूर्वी सुरू झाली आणि गणितानुसार आणखी तीनेकशे वर्षं टिकेल. त्यानंतर तो दुसऱ्या चालीत जाईल. त्या चालीत पृथ्वीवरून पाहिलं तर वाट घोड्याच्या नालासारखी दिसते : एका बाजूने आपल्या जवळ यायचं, न भेटताच मागे फिरायचं, सूर्याच्या पलीकडून लांबचा वळसा घालून दुसऱ्या बाजूने यायचं. मग कधीतरी पुन्हा क्वासी-मून. या दोन चालींमध्ये तो लाखो वर्षं अदलाबदल करत राहू शकतो, असं संगणकावरची गणितं सांगतात. त्याच्यासारखे बाकीचे बहुतेक पाहुणे काही दशकांत चालते होतात, हा मात्र घरोबा ठेवणारा आहे.

तो २०८३ चा मेसेज मग कुणाचा?

तो '२०२५ पीएन७' चा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच पॅन-स्टार्स प्रकल्पाने शोधला. याहून लहान, वीस-तीस मीटरच्या घरातला. गणित मागे नेलं तर तो १९६० च्या दशकापासून आपल्यासोबत आहे आणि २०८३ च्या सुमारास चाल बदलेल. म्हणजे 'मिळाला' वगैरे काही नाही. साठ वर्षं शेजारी राहत होता, ओळख आत्ता झाली.

असे आणखी किती आहेत?

हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. '२००३ वायएन१०७' नावाचा एक १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं क्वासी-मून होता. क्रुइथ्ने नावाचा १९८६ मध्ये सापडलेला एक लघुग्रह आहे, त्यालाही एके काळी पृथ्वीचा दुसरा चंद्र म्हणून खूप मिरवलं गेलं. त्याची वाट इतकी ताणलेली आहे की तो सूर्याजवळ जाताना बुधाच्या कक्षेपर्यंत आणि बाहेर जाताना मंगळाच्या कक्षेपर्यंत पोहोचतो. त्याला शेजारी म्हणणं म्हणजे एकाच बिल्डिंगच्या नावावर पत्र येतं म्हणून नातेवाईक म्हणण्यासारखं.

क्वासी-मूनचा पहिला नमुना तर आपला नाहीच, शुक्राचा आहे : '२००२ व्हीई६८'. याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहान मुलांच्या एका सूर्यमालेच्या पोस्टरवर शुक्राशेजारी या लघुग्रहाचं नाव लिहायचं होतं. चित्रकाराने स्वतः हाताने इंग्रजीत टिपलेलं '2002-VE' नंतर स्वतःच 'ZOOZVE', म्हणजे 'झूझ्वे', असं वाचलं आणि पोस्टरवर तसंच छापलं. एका रेडिओ पत्रकाराला आपल्या मुलाच्या खोलीत ते दिसलं, त्याने पाठपुरावा केला, आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने 'झूझ्वे' हेच अधिकृत नाव मान्य केलं.

२०२४ मध्ये दोन महिन्यांसाठी आलेला 'मिनी-मून' म्हणजे हाच प्रकार का?

नाही, तो तिसरा प्रकार. '२०२४ पीटी५' हा जेमतेम दहा मीटरचा लघुग्रह २९ सप्टेंबर ते २५ नोव्हेंबर २०२४ या काळात पृथ्वीच्या तुलनेत इतका संथ झाला की थोडा काळ गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाने तो आपल्याला बांधलेला होता. पूर्ण फेरीही मारली नाही. २००६-०७ मध्ये 'आरएच१२०' नावाच्या एकाने मात्र खऱ्याखुऱ्या फेऱ्या मारल्या आणि निघून गेला.

पीटी५ ज्या गटातला, त्याचं नाव ऐकून आपल्याकडे लोक खूश होतात : अर्जुन गट. ज्यांची कक्षा जवळजवळ पृथ्वीसारखीच आहे, अशा लघुग्रहांच्या गटाला खगोलशास्त्रज्ञांनी महाभारतातल्या अर्जुनाचं नाव दिलंय. यावरून 'आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं' अशा मेसेजची एक वेगळी साखळी निघाली होती, तिचं उत्तर इथे देत नाही.

दुर्बिणीतून दाखवाल का?

नाही हो. खरंच नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात अंधूक ताऱ्यापेक्षा तो लाखो पटींनी मंद आहे. आमची आठ इंची दुर्बीण सोडा, मोठ्या वेधशाळांनाही तो वर्षातून काही आठवडे, एप्रिलच्या सुमारास, जवळ येतो तेव्हाच नीट पकडता येतो. एप्रिलमध्ये ढग आले की पुढचा एप्रिल. त्याच्यावर काम करणाऱ्यांचं कॅलेंडर आंबेवाल्यांसारखं असतं.

पृथ्वीवर आदळणार का?

या चालीत तरी नाही. चंद्राच्या ३८ पट अंतराच्या आत तो येतच नाही. कागदावर दोघांच्या कक्षा काही ठिकाणी त्याहून जवळ आहेत, पण तो आणि पृथ्वी एकाच वेळी त्या ठिकाणी नसतात. वर सांगितलेला झोका त्यांना तसं भेटू देत नाही. एकाच रस्त्याचे दोन रहिवासी, पण एकाची फर्स्ट शिफ्ट, दुसऱ्याची नाइट.

आकाराचा अंदाज हवा म्हणून सांगतो : १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर जो फुटला तो साधारण वीस मीटरचा होता, आणि फुटलेल्या काचांनी दीड हजारच्या आसपास माणसं जखमी झाली. तेव्हा ४० ते १०० मीटर हे प्रकरण हलक्यात घेण्यासारखं नाही. पण 'संभाव्य धोकादायक' या अधिकृत यादीत जायला साधारण १४० मीटर तरी लागतात, त्यामुळे हा त्या यादीतही नाही.

त्याच्यामुळे भरती-ओहोटीवर काही परिणाम?

शून्य. त्याचं वस्तुमान फार तर काही लाख टन. बंदरात उभ्या असलेल्या दोन-चार मोठ्या जहाजांचं भरतीवर जेवढं वजन पडतं, त्याहूनही कमी, कारण जहाजं निदान जवळ तरी असतात.

समजा तिथे उतरलो तर?

उतरणं हा शब्दच चुकीचा आहे, चिकटणं म्हणा.

कामोओआलेवा स्वतःभोवती २८ मिनिटांत एक गिरकी घेतो. म्हणजे सूर्य उगवतो आणि चौदा मिनिटांत मावळतो. चहा ठेवेपर्यंत सकाळ, गाळेपर्यंत संध्याकाळ. आता तो ५० मीटर व्यासाचा, साध्या खडकाएवढ्या घनतेचा गोळा धरा आणि हिशोब करा. तिथून सुटून जायला सेकंदाला फक्त तीन सेंटिमीटर वेग लागतो, मुंगीसुद्धा पळून जाऊ शकेल. आणि त्याच्या विषुववृत्तावरची जमीन फिरतेय सेकंदाला नऊ सेंटिमीटरने! म्हणजे गुरुत्वाकर्षण तुम्हाला जेवढं आत ओढतं त्याच्या पंधरा-वीस पट जोराने गिरकी तुम्हाला बाहेर भिरकावते. तिथे सुटा दगड ठेवलात तर तो खाली पडण्याऐवजी अलगद आकाशात निघून जाईल. टिकली तर फक्त बारीक धूळ, तीही परस्परांना चिकटण्याच्या बळावर. दळताना जात्याच्या पाळीला जसं पीठ चिकटून राहतं आणि दाणे उडतात, तसं काहीसं.

यावरून एक अंदाज बांधता येतो. बरेच मोठे लघुग्रह म्हणजे दगडगोट्यांचे सैलसर ढीग असतात. हा तसा ढीग असता तर या वेगाने कधीच विखुरला असता, निदान चिकटण्याची बरी ताकद तरी त्यात हवीच. हा बहुधा एकसंध खडक आहे. कुठून तरी फुटून आलेला.

कुठून? चंद्रावरून म्हणतात ते खरं का?

मला सगळ्यात आवडणारी शक्यता तीच आहे, पण आवड आणि पुरावा वेगळे ठेवू.

२०२१ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या गटाने त्याचा वर्णपट प्रसिद्ध केला. वापरली ती दुर्बीण ८.४ मीटरचे दोन आरसे जोडीने बसवलेली, माउंट ग्रॅहमवरची. या गटात मूळचे भारतातले दोघे होते : लघुग्रहांच्या वर्णपटांवर काम करणारे विष्णू रेड्डी आणि कक्षांच्या गणितातलं मोठं नाव असलेल्या, आयआयटी दिल्लीत शिकलेल्या रेणू मल्होत्रा. त्यांना दिसलं की परावर्तित प्रकाश नेहमीच्या लघुग्रहांसारखा नाही, जास्त तांबूस आहे. जुळणी शोधत गेले तर जुळला तो अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्रावरच्या मातीशी.

दुसरा मुद्दा कक्षेचा. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातून आलेला लघुग्रह पृथ्वीच्या इतक्या सारख्या कक्षेत स्थिरावणं अवघड असतं, तो सहसा जास्त वेगाने आडवातिडवा येतो. पण चंद्रावर काही मोठं आदळून तुकडा उडाला, सेकंदाला २.४ किलोमीटर या चंद्राच्या मुक्तिवेगापेक्षा थोड्याच जास्त वेगाने, तर तो पृथ्वीच्या जवळपासच्याच कक्षेत घुटमळत राहतो. असे तुकडे बहुतेक इकडेतिकडे जातात, अगदी थोडे या झोक्यात अडकतात. अशक्य नाही, एवढं गणिताने दाखवलंय.

२०२४ मध्ये आणखी एका गटाने थेट विवराचं नाव घेतलं : जोर्दानो ब्रूनो, चंद्राच्या पलीकडच्या बाजूचं, २२ किलोमीटर व्यासाचं, वयाने फक्त काही दशलक्ष वर्षांचं. एवढ्या मोठ्या आकाराचा आणि इतका ताजा आघात चंद्रावर शोधू गेलं तर फार पर्याय उरत नाहीत. मला हा युक्तिवाद पोलिसी वाटतो : मुद्देमाल सापडलाय, जवळपास एकच संशयित राहतो, पण साक्षीदार नाही.

आपल्याकडच्यांना हे समजायला लोणार मदत करतं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर हे बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, पडलेलं आघाती विवर, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. चंद्रावरच्या काळ्या सपाट भागातला खडकही बेसॉल्टच, त्यामुळे चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे मुद्दाम लोणारला येतात. काठावर उभं राहिलात की उलटे झालेले, बाहेर फेकलेले थर दिसतात. इथे उडालेले दगड आजूबाजूच्या शेतांत पडले, कारण पृथ्वीच्या तावडीतून सुटायला सेकंदाला ११ किलोमीटर वेग लागतो आणि वर हवेचा अडथळा. चंद्रावर दोन्ही अडचणी नाहीत. मग लोणारच्या बारा पट रुंद विवरातून उडालेला एखादा कातळ सुटला, यात नवल ते काय?

चीनचं यान तिकडेच गेलंय ना?

हो. तियानवेन-२. मे २०२५ च्या अखेरीस शिचांग तळावरून लाँग मार्च-३बी रॉकेटने निघालं. योजनेप्रमाणे २०२६ च्या मध्यात लघुग्रहाजवळ पोहोचायचं, नमुने घ्यायचे, २०२७ च्या अखेरीस ते पृथ्वीवर टाकायचे, आणि यानाने पुढे ३११पी नावाच्या एका चमत्कारिक धूमकेतूसारख्या वस्तूकडे जायचं, तिथे २०३५ च्या सुमारास. यानाच्या नावाचा अर्थच 'आकाशाला विचारलेले प्रश्न'. प्रश्नोत्तरांच्या पानावर याहून योग्य पाहुणा मिळणं कठीण.

काम सोपं नाही. आधीच्या मोहिमांनी नमुने आणले ते इतोकावा, र्‍युगू, बेन्नू यांवरून. बेन्नू अर्ध्या किलोमीटरचा आहे, त्याच्याभोवती यान फिरवता तरी येतं. इथे गुरुत्वाकर्षण जवळपास नाहीच. शेजारी तरंगत राहायचं आणि २८ मिनिटांत गरकन फिरणाऱ्या दगडाला हात लावायचा. म्हणून दोन-तीन पद्धती ठरवल्यात : तरंगत तरंगत उचलणं, क्षणभर टेकून झटकन निघणं, आणि हात रोवून चिकटून बसणं. चिकटण्याची पद्धत जमली तर ती मला सगळ्यात मोठी बाब वाटेल, कारण ती आजवर लघुग्रहावर कुणी करून दाखवलेली नाही.

नमुने हातात आले की चंद्राच्या प्रश्नाचा निकाल लागतो. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण चंद्राचं आणि पृथ्वीचं जवळजवळ सारखं आहे, बहुतेक लघुग्रहांचं वेगळं. प्रयोगशाळेत चिमूटभर भुकटी पुरते.

आपल्या मुलांना यात काही करता येईल?

येईल. पॅन-स्टार्सनेच काढलेल्या प्रतिमा शाळा-कॉलेजांच्या गटांना वाटून त्यांत लघुग्रह शोधायला लावणारी आंतरराष्ट्रीय मोहीम आहे, आणि भारतातली मुलं त्यात बरीच वर्षं भाग घेतायत. 'अ‍ॅस्ट्रोमेट्रिका' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच जागेच्या चार प्रतिमा मागोमाग लुकलुकवायच्या आणि सरकणारा ठिपका पकडायचा. डोळे दुखतात, बहुतेक ठिपके आधीच कुणाला तरी सापडलेले निघतात, आणि तरी मुलं उठत नाहीत.

पत्रिकेत याला कुठलं घर?

भाड्याचं.

निदान तो आत्ता आकाशात कुठे आहे एवढं तरी कळेल का?

हे मात्र अगदी सहज. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची 'होरायझन्स' नावाची फुकट सेवा आहे. त्यात ४६९२१९ हा क्रमांक टाका, ठिकाण म्हणून आपलं गाव निवडा, वेळ द्या. कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती अंश वर आणि किती किलोमीटरवर, सगळं मिनिटागणिक मिळतं. उंचीच्या रकान्यात उणे चिन्ह आलं तर तो तेव्हा क्षितिजाखाली.

भाचीने हट्टच धरला होता की तिला त्याला टाटा करायचाय. आकडे काढले तर उंची उणे एकेचाळीस अंश, दिशा आग्नेय. तिने दोन मिनिटं विचार केला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन सिलेंडरच्या बाजूला उभी राहिली, आणि फरशीकडे बघून हात हलवला.